पेठला एवढा पाऊस, मग टँकर का? थोडं बंधाऱ्याच्या फळ्यांबद्दल

पेठ-सुरगाण्यात एवढा धो धो पाऊस पडतो मग उन्हाळ्यात तिथे टँकर कसा काय लागतो, हा प्रश्न मला नाशिकमध्ये कुठेही गेलं तरी कोणी ना कोणी विचारतंच. जिल्हा परिषदेत पाण्याच्या कामावर इंजिनियर आहे म्हटलं की पहिलं, आमच्या नळाला प्रेशर का नाही (ते महापालिकेकडे असतं, आमच्याकडे नाही), आणि मग लगेच हे. लग्नाच्या पंगतीत याचं उत्तर देता येत नाही, दोन वाक्यात सांगितलं तर समोरच्याला वाटतं ही टाळतेय. म्हणून एकदा नीट बसून लिहिते. लांबेल, पण विषयच तसा आहे.

आधी कोणाचं काय ते सांगते, कारण यात खूप गोंधळ असतो. गंगापूर, दारणा, मुकणे, करंजवण ही मोठी धरणं जलसंपदा विभागाची. शहरातला नळ महापालिकेचा. आणि १०० हेक्टरपर्यंत शेती भिजेल एवढ्या छोट्या योजना जिल्हा परिषदेच्या. १०१ ते ६०० हेक्टर राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे, त्याच्या वर गेलं की जलसंपदा. म्हणजे गावतळी, पाझर तलाव, साठवण बंधारे, नाल्यावरचे सिमेंट बंधारे आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, ज्यांना आम्ही सगळे केटी वेअर म्हणतो, हे आमच्या वाट्याला. गंगापूर किती टक्के भरलं हे पावसाळ्यात रोज पेपरात येतं, ५६३० दलघफूचं (दशलक्ष घनफूट) धरण आहे, शहर त्याच्यावर जगतं, येणारच. पाणी सोडलं की आख्खं नाशिक, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं ते बघायला होळकर पुलावर. बरोबर आहे, मीही लहानपणी वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून गेलेय. पण आमच्या बंधाऱ्यांची टक्केवारी कुठे छापून येत नाही आणि घाटाकडच्या पाड्यांवर फेब्रुवारीनंतर हंड्यात काय पडणार ते मात्र त्यांच्यावर ठरतं.

आता पावसाचा हिशोब. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लीटर पाणी. पेठकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, इगतपुरीला तर तीन हजाराच्या पुढे, आणि त्याच जिल्ह्यात नाशिक शहरात सातशेच्या आसपास आणि येवला-नांदगावकडे जेमतेम पाचशेच्या घरात. पेठचंच धरा. हेक्टरी दोन कोटी लीटर झाले. गावाचं शिवार ५०० हेक्टर असेल तर हजार कोटी लीटर पाणी चार महिन्यात त्या गावाच्या डोक्यावर पडतं. गावात १५०० माणसं आहेत असं समजा. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लीटर, म्हणजे गावाला रोज ८२,५०० लीटर, वर्षाचे साधारण तीन कोटी. हजार कोटीतले तीन कोटी गावात थांबले तर प्यायच्या पाण्याला कोणाच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. आणि तेवढेही थांबत नाहीत. हा आकडा मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्यांदा कागदावर मांडला आणि आजही तो मला स्वस्थ बसू देत नाही.

का थांबत नाहीत, तर खालचा खडक. आपला सगळा जिल्हाच बेसाल्टचा. वर वीतभर, कुठे हातभर माती, मग मुरूम, मग जरा फुटका खडक आणि त्याच्या खाली अखंड काळा पाषाण. पाणी राहतं ते फक्त भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात, आणि तेही किती, तर खडकाच्या घनफळाच्या एक ते तीन टक्के. वाळूच्या प्रदेशात जमीन जशी पाणी पिते तशी आपली पीत नाही. त्यात उतार असा की पडलेला पाऊस तासा-दोन तासात ओढ्याला, ओढा नदीला, आणि पेठ-सुरगाण्याकडच्या नद्या म्हणजे दमणगंगा, नार, पार, सगळ्या पश्चिमेला पळणाऱ्या, गुजरातमार्गे थेट समुद्रात. ऑगस्टमध्ये सावळघाट उतरताना दोन्ही बाजूंनी धबधबे असतात, गाड्या थांबवून लोक सेल्फी काढतात, आणि त्याच घाटाखालच्या पाड्यावर होळीनंतर बाया रात्री दोनला उठून विहिरीवर नंबर लावतात. हे दोन्ही मी पाहिलंय, एकाच वर्षात, एकाच रस्त्यावर.

भूजल सर्वेक्षणवाले वर्षातून चारदा निरीक्षण विहिरी मोजतात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. त्यांचा डेटा आम्हाला खूप उपयोगी पडतो. पण गावात रोज मोजणारी माणसं असतात. एका पाड्यावरच्या मावशी मला विहिरीच्या पायऱ्या दाखवून म्हणाल्या होत्या, "ताई, शिमग्याला ही पाचवी पायरी उघडी पडली ना का मग जत्रेपर्यंत पाणी जातंय. आन सातवी उघडी पडली का मंग खाली उतरावं लागतंय, वाटीवाटीनं." मी वहीत ते लिहून घेतलं, पायरीची उंची टेपने मोजली, आणि पुढच्या वर्षी त्याच मोजमापाने माझा अंदाज मांडला. त्यांचं मोजमाप बरोबर होतं.

आता मुद्द्यावर येते. केटी वेअर नाशिककरांना माहीत असतो पण जवळून बघितलेला नसतो. नदीच्या पात्रात ओळीने खांब असतात, दोन खांबांच्या मध्ये साधारण दोन मीटरचा गाळा. खांबांना दोन्ही बाजूंनी उभ्या खाचा. त्या खाचांत अर्धा अर्धा मीटर उंचीच्या लोखंडी प्लेटा एकावर एक सोडायच्या. आमच्या कागदांवर त्यांना बर्गे म्हणतात, गावात सगळे फळ्याच म्हणतात कारण पूर्वी खरंच लाकडी फळ्यांच्या दोन रांगा टाकून मध्ये माती ठासायचे. पावसाळ्यात गाळे उघडे ठेवायचे, पूर आणि त्याच्याबरोबर गाळ निघून जातो, आणि पाऊस ओसरला की फळ्या टाकून मागे पाणी अडवायचं. उन्हाळ्याच्या शेवटी परत काढायच्या. पक्क्या बंधाऱ्यात गाळ साचून साचून दहा-पंधरा वर्षांत पोट भरतं, इथे ते होत नाही. अतिशय हुशार रचना आहे, आणि तिची सगळी हुशारी एका गोष्टीवर अवलंबून आहे की कोणीतरी वेळेवर येऊन फळ्या टाकल्या पाहिजेत आणि त्या गळता कामा नयेत.

गळतीचं सांगते. प्लेटेच्या कडेला रबराची पट्टी असते, सील. काढलेल्या प्लेटा बहुतेक ठिकाणी नदीकाठी उन्हात रचून ठेवलेल्या असतात, दोन-तीन उन्हाळ्यात रबर कडक होतं, तडकतं, मग प्लेट खाचेत बसली तरी कडेने आणि दोन प्लेटांच्या मधून पाणी येत राहतं. बघणाऱ्याला ते काहीच वाटत नाही. बंधारा तुडुंब भरलाय, खालून एक धार येतेय, पोरं त्या धारेखाली आंघोळ करतायत, छान वाटतं.

पेठ तालुक्यातल्या अशाच एका बंधाऱ्यावर मी आणि तिथले उपसरपंच दादा उभे होतो. ते म्हणत होते, ताई, एवढं पाणी तर जाणारच, ते काय अडवायचं. मी म्हटलं मोजूया. त्यांनी घरातून रंगाची रिकामी बादली आणली, १५ लीटरची. गाळ्याच्या खालच्या बाजूला एका दगडावर उभं राहून त्यांनी बादली धारेखाली धरली, मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. पहिल्यांदा पाणी बाजूने उडत होतं म्हणून पत्र्याचा तुकडा वाकवून धार बादलीत वळवली. पंधरा सेकंदात बादली भरली. परत केलं, परत तेवढंच. म्हणजे सेकंदाला एक लीटर. मी तिथेच दगडावर खडूने लिहिलं, एक लीटर गुणिले ६० गुणिले ६० गुणिले २४. ८६,४०० लीटर. आणि शेजारी त्यांच्या गावाचं लिहिलं, १५०० माणसं गुणिले ५५, ८२,५००.

दादा बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे आख्ख्या गावाचं रोजचं पाणी या एका भोकातून चाललंय."

हो, आणि असे गाळे त्या बंधाऱ्याला अजून होते.

यात आणखी एक गणित आहे. समजा बंधाऱ्याजवळ तीन मीटर खोल पाणी, पात्र वीस मीटर रुंद, आणि फुगवटा मागे अर्धा किलोमीटर. पाचरीसारखा आकार धरला तर साठा होतो १५ हजार घनमीटर, म्हणजे दीड कोटी लीटर. सेकंदाला एक लीटरची एकच गळती हा सगळा साठा पावणेसहा महिन्यांत रिकामा करते. १५ ऑक्टोबरला भरलेला बंधारा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपला. खरा हिशोब इतका सरळ नसतो हे मान्य, जानेवारीपर्यंत वरून झरा चालू असतो, उलट उन्हाळ्यात दिवसाला सात-आठ मिलिमीटर नुसतं बाष्पीभवनात जातं, शेतकरी इंजिन लावतात. पण टँकरची मागणी कधी सुरू होते ते बघा आणि हा एप्रिल बघा. टंचाईत टँकरने माणशी २० लीटर द्यायचे असतात. १५०० माणसांना ३० हजार लीटर, म्हणजे १२ हजार लीटरच्या टँकरच्या अडीच खेपा, घाट चढून-उतरून, डिझेल जाळून. आणि त्या बंधाऱ्यातून ऑक्टोबरपासून रोज सात टँकर पाणी गुपचूप वाहून गेलेलं असतं.

गळती बंद करायला फार मोठं काही लागत नाही. खरा उपाय नवीन रबर. ते येईपर्यंत गावातल्या जुन्या माणसांना माहीत असलेला उपाय आहे, पाण्याच्या बाजूने गळतीच्या तोंडाशी भाताचा कोंडा आणि राख सोडायची, पाणी स्वतःच ते ओढून फटीत नेऊन बसवतं आणि धार बारीक होत होत थांबते. भाताचा प्रदेश आहे, कोंड्याला तोटा नाही. त्या दिवशी दादांनी घमेलंभर कोंडा आणला आणि त्या दोन प्लेटांमधली धार अर्ध्या तासात ठिबकण्यावर आली. मी परत बादली लावायला गेले तर लावण्याइतकं पाणीच पडत नव्हतं. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मला हे कोणी शिकवलं नव्हतं. स्ट्रेंजचं टेबल शिकवलं, पाणलोटातून पावसाचं किती पाणी वाहून येईल, म्हणजे येवा, ते काढायला, इंग्लिसचं सूत्र शिकवलं, पूर किती येईल ते काढायला, दोन्ही मी आजही प्रत्येक एस्टिमेटला वापरते आणि दोन्ही उत्तम आहेत. पण बांधून झाल्यानंतर पुढची चाळीस वर्षं त्या बंधाऱ्याचं काय करायचं हे मला गावात शिकायला मिळालं.

आता सगळ्यात अवघड भाग, फळ्या टाकायच्या कधी.

सरकारी हिशोबात १५ ऑक्टोबर ही तारीख फार महत्त्वाची असते. मोठ्या धरणांचा साठाही त्याच तारखेला धरतात. जायकवाडीचं तुम्ही ऐकलं असेलच, १५ ऑक्टोबरला तिथे उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांमधून पाणी सोडावं लागतं, मेंढेगिरी समितीचा २०१३ चा अहवाल आणि त्यावरून २०१४ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश. आमच्या फळ्यांनाही साधारण हीच तारीख. कागदावर बरोबर आहे, पावसाळा संपलेला असतो, नदीला वाहतं पाणी असतं.

पण त्या तारखेला घाटातल्या गावात काय चालू असतं? भाताची कापणी. नागली, वरई काढायला आलेली. सगळी माणसं शेतात. एक प्लेट उचलायला चार माणसं लागतात, खालची रांग बसवायला कमरेइतक्या गार पाण्यात उतरावं लागतं, गाळ्याच्या तळाशी असलेल्या उंबऱ्यावरचे गाळ-गोटे हाताने साफ केल्याशिवाय पहिली प्लेट सरळ बसत नाही. कापणी सोडून कोण येणार? मग लोक म्हणतात दिवाळीनंतर बघू. आणि दिवाळी झाली की निम्मं गाव दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांमध्ये कामाला जातं. पिकअप भरभरून जातात, घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. डिसेंबरमध्ये मग कोणीतरी फोन करतं, मॅडम, फळ्या राहिल्यात.

या उशिराची किंमत आकड्यात सांगते. ऑक्टोबरच्या मध्याला ओढ्याला समजा सेकंदाला २० लीटर पाणी आहे. दिवसाचे सव्वासतरा लाख लीटर. मघाचा दीड कोटीचा बंधारा नऊ दिवसांत भरतो. डिसेंबरमध्ये त्याच ओढ्याला सेकंदाला दोन लीटर उरले आणि एक लीटर गळती असेल तर भरायला जवळजवळ सहा महिने पाहिजेत, आणि त्याच्या आत ओढाच आटतो. बंधारा तोच, खर्च तोच, पाऊस तोच.

मग सप्टेंबरमध्येच टाकून मोकळं व्हावं का? तर तेही धोक्याचं. परतीचा पाऊस हल्ली कसाही येतो. २०१९ ला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जो अवकाळी झाला त्यात नाशिकच्या द्राक्षांचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. फळ्या पूर्ण टाकलेल्या असताना असा पूर आला तर झाडं-काटक्या गाळ्यांना अडकतात, पाण्याची पातळी चढते आणि नदी बाजूची माती कापून बंधाऱ्याला वळसा घालून निघून जाते. काँक्रीट जागच्या जागी उभं, नदी शेजारून. असा एक बंधारा बघितला की वर्षभर डोळ्यासमोरून जात नाही. शेजारच्या शेतकऱ्याची भातखाचरंसुद्धा त्यात गेलेली असतात.

माझं मत आता असं झालंय की एकाच तारखेचा हट्ट सोडून टप्प्याटप्प्याने करायचं. कापणी पूर्ण भरात यायच्या आधी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, उंबरे साफ करून खालच्या रांगा बसवून घ्यायच्या, कारण वेळ आणि माणसं त्यालाच लागतात. मधले एक-दोन गाळे मोकळे ठेवायचे. वरच्या रांगा काठावर तयार ठेवायच्या आणि पाऊस गेला याची खात्री झाली की दिवाळीच्या आधी चार माणसांनी तासाभरात टाकून द्यायच्या. आणि ही खात्री कोणी करायची, तर नाशिकला टेबलावर बसून मी नाही. घाटावर ढग कसा आलाय ते जो बघतो त्याने. माझं काम त्याला हवामान खात्याचा अंदाज वेळेवर फोनवर सांगणं आणि त्याच्याकडे चांगलं रबर, पुरेशा प्लेटा आहेत की नाही ते बघणं.

हा "तो" कोण, हेच खरं दुखणं. बहुतेक गावात असा माणूस नेमलेलाच नाही. बंधारा सगळ्यांचा. आणि गंमत नाही करत, पण आपल्याच जिल्ह्यात याचं उत्तर तीनशे वर्षांपासून आहे. बागलाणकडे मोसम, आरम, गिरणेवर आणि खाली धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. नदीवर गावाने बंधारा घालायचा, पाट काढायचा, शिवाराचे फड पाडायचे आणि एका फडात एका हंगामात एकच पीक. पाणी द्यायला पाटकरी, पिकांवर नजर ठेवायला जागल्या, सगळ्यांवर हवालदार, आणि त्यांचं मानधन शेतकऱ्यांनी मिळून द्यायचं. पाटाची, बंधाऱ्याची साफसफाई सगळ्यांनी मिळून. कोणत्याही खात्याचा आदेश नव्हता. प्रत्येक कामाला एक माणूस होता आणि त्याचं पोट त्या कामावर होतं, म्हणून ते टिकलं. पलीकडे ओझरला वाघाड धरणाच्या पाण्यावर पाणी वापर संस्थांनी नव्वदच्या दशकापासून जे उभं केलंय तेही याच वाटेवरचं आहे, शेतकरी स्वतः पाणी मोजून घेतात आणि वाटतात. आपल्याला बाहेरून काही आणायची गरज नाही.

पैशांचं म्हणाल तर नव्या बंधाऱ्याला पैसे मिळणं सोपं, जुन्याच्या रबराला अवघड, हे सगळीकडेच आहे. नव्या कामाचं भूमिपूजन होतं, फलक लागतो. रबराच्या पट्टीचं उद्घाटन कोण करणार. पण पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या, गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट ग्रामसभेच्या कोषात येतो. वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठराविक कामांसाठीच राखून ठेवलेल्या, निधीतून पाण्याची कामं करता येतात. सील, रंग, चार-दोन गहाळ प्लेटा, हा खर्च नव्या बंधाऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही. ग्रामसभेत ठराव लागतो, एवढंच. मी दर वेळी ग्रामसभेत हेच सांगते की जल जीवनची टाकी झाली, पाईप झाला, नळ आला, पण ज्या विहिरीवर मोटर बसवलीय ती विहीर या बंधाऱ्याच्या काठावर आहे. बंधारा मार्चमध्ये कोरडा पडला की विहीर एप्रिलमध्ये पडणार आणि नळातून हवा येणार. पाणीपुरवठ्याची फाईल वेगळी, पाटबंधाऱ्याची फाईल वेगळी, पण खडकातली भेग एकच आहे.

आणि घाटमाथ्याच्या पूर्वेला, गोदावरी खोऱ्यात, तर जायकवाडीच्या वर नवीन पाणी अडवायला वावच राहिलेला नाही, आहे ते सगळं वाटून झालेलं आहे. तिथे जुन्या बंधाऱ्यांची गळती काढणं हाच एक मार्ग हातात उरतो.

मे महिन्याचंही लिहायला पाहिजे, कारण ते सगळे विसरतात. पहिल्या वळवाच्या आधी प्लेटा निघाल्या पाहिजेत. तेव्हा बंधारा कोरडा असतो, माणसं लग्नसराईत. नाही काढल्या तर पहिल्याच पुरात वाकतात, एकदा वाकली की प्लेट खाचेत कधीच नीट बसत नाही. काढून काठावर टाकल्या तर भंगारात जातात. एका गावात एका रात्रीत पूर्ण रांग गेली, ट्रॅक्टर लावून नेली, कोणी नेली ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि पुढचं वर्षभर त्या बंधाऱ्यात गुडघाभरही पाणी थांबलं नाही. ज्या गावांनी प्लेटांवर गाळ्याचा आणि रांगेचा नंबर ऑइलपेंटने टाकून त्या शाळेच्या पडवीत किंवा मंदिरामागे पत्र्याखाली रचून ठेवल्या तिथे रबर दुप्पट टिकलं आणि ऑक्टोबरमध्ये कोणती प्लेट कुठली ते शोधण्यात वेळही गेला नाही.

दर वर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन असतो. विश्वेश्वरय्यांची पहिली नोकरी नाशिकचीच, १८८४ साली, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात, त्यामुळे आमच्याकडे तो दिवस जरा जास्तच मनापासून साजरा होतो. हार घालून, भाषणं ऐकून झालं की मी दुपारी यादी काढते, कारण बरोबर एक महिना हातात असतो. कोणत्या बंधाऱ्याला किती मीटर रबर, किती प्लेटा कमी, चावी-साखळी कोणाकडे, फोन कोणाला करायचा.

यंदा त्या बादलीवाल्या गावाने ग्रामसभेत दोन माणसं नेमलीत, त्यांचं वर्षाचं मानधन बंधाऱ्याखालच्या शेतकऱ्यांनी भात आणि नागलीत द्यायचं ठरवलंय, रबर पेसाच्या पैशातून आलंय आणि शाळेत ठेवलंय. सरपंचताईंनी ऑक्टोबरचा पहिला रविवार धरलाय, कापणीच्या आधी. नाशिकहून कोणाला यायचं असेल तर या, माणसं कमीच पडतात. पेठ रोडने करंजाळीच्या पुढे, सकाळी आठला काम सुरू होईल. जुने कपडे आणा, पाणी फार गार असतं, आणि एखादी १५ लीटरची बादली आणा, काम झाल्यावर सगळे गाळे मोजायचे आहेत.